स्पर्धक कंपन्या आपला कोड एकमेकींना का देतात?

लिनक्स म्हणजे हौशी प्रोग्रॅमरनी रात्री जागून फुकट लिहिलेलं सॉफ्टवेअर, ही समजूत अजून टिकून आहे. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोर्व्हल्ड्सने ते सुरू केलं तेव्हा ती खरी होती. आज लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणाऱ्या गाभ्यातला, बहुतेक नवा कोड पगारी इंजिनिअर लिहितात. इंटेल आणि एएमडी बाजारात कट्टर प्रतिस्पर्धी, पण कर्नलमध्ये दोघींचा कोड शेजारी शेजारी नांदतो.

याचं श्रेय अनेकदा जीपीएलला, म्हणजे लिनक्स ज्या अटींवर वाटलं जातं त्या परवान्याला, दिलं जातं. पण बदललेला कर्नल ज्याला दिला त्याला सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूरही द्या, एवढीच त्या परवान्याची सक्ती आहे. तो कोड मूळ प्रकल्पात सामावून घेतला जावा म्हणून महिनोन्‌महिने खटपट करा, असं तो म्हणत नाही. कंपन्या तरीही ती खटपट करतात, आणि त्यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं.

कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द पाळतो: जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चाललाच पाहिजे. आतल्या रचनेबद्दल मात्र तो काहीच हमी देत नाही. समजा, आतलं एक फंक्शन दोन माहित्या घेतं आणि शंभर ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारे कोडचे तुकडे, ते वापरतात. उद्या कुणी त्याला तिसरी माहिती जोडली, तर नियम असा, की ज्याने बदल केला त्यानेच ते शंभर ड्रायव्हर दुरुस्त करायचे. म्हणजे कर्नलच्या आत असलेला तुमचा ड्रायव्हर कुणीतरी अनोळखी माणूस, कदाचित प्रतिस्पर्ध्याचा नोकर, विनामोबदला दुरुस्त करून देतो. तुम्ही तो स्वतःपाशी ठेवला असेल, तर तो कंपाइलच होत नाही, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयारच होत नाही. कंपाइल झाला तर आणखी वाईट. फंक्शनचं रूप तेच, पण आता ते बोलावण्याआधी अमुक लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) घेतलेला हवा, असा अर्थ बदललेला असतो. मग यंत्र कधीतरीच, भार वाढल्यावर गोठतं आणि कारण सापडत नाही. नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. स्वतःचे हजारो बदल दरवेळी नव्या आवृत्तीवर बसवायला पगारी माणसं लागतात. दडवून ठेवणं महाग, देऊन टाकणं स्वस्त.

गूगलने हे अनुभवलं आहे. देखभाल होत नाही म्हणून २०१० साली अँड्रॉइडचे ड्रायव्हर कर्नलमधून काढून टाकले गेले. २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत ते परत आले.

कर्नलच्या दारावर असतो मेंटेनर, म्हणजे आपल्या भागात कोणता कोड घ्यायचा हे ठरवणारा माणूस. तोही बऱ्याचदा पगारी असतो, पण ही जबाबदारी माणसाची असते, कंपनीची नाही. त्याने नोकरी बदलली तर ती त्याच्याबरोबर जाते. त्यामुळे त्याचा साहेबही त्याच्याकडून वाईट पॅच (कोडमधला बदल) सहज आत घालून घेऊ शकत नाही.

‘कोड खुला आहे, हजारो डोळे बघतात, म्हणून तो सुरक्षित’ हा मात्र निव्वळ प्रचार आहे. वरचा दबाव तिथेच काम करतो, जिथे कंपन्यांना सतत काहीतरी बदलायचं असतं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी खुली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड. तिचं काम चोख चालत होतं, कुणाला काही जोडायचं नव्हतं, म्हणून कुणी फिरकलंही नाही. ती सांभाळत होता एक एकटा स्वयंसेवक. ‘जिया तान’ असं नाव लावणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्यात चोरदरवाजा बसवला. महिनाभराने तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टचे नोकर आणि पोस्टग्रेएसक्यूएल या खुल्या डेटाबेसचे डेव्हलपर. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधता शोधता ते एक्सझेडपर्यंत पोचले. एक्सझेड तपासायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.