बार्शी लाइट : पाच टनांच्या हिशेबावर धावलेली रेल्वे

कुर्डुवाडी स्थानकाचे जुने नाव ‘बार्शी रोड’ होते. ज्या गावावरून हे नाव पडले ते बार्शी तेथून ३४ किलोमीटर दूर. मुंबईहून पुणेमार्गे निघालेला जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८५९ मध्ये येथवर आला, पुढच्याच वर्षी सोलापूरला पोहोचला आणि मग रायचूरकडे, मद्रासच्या रुळांना मिळण्यासाठी, निघून गेला. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ असूनही बाजूलाच राहिली. बार्शीच्या व्यापाऱ्याला आपला माल बैलगाडीत घालून ‘बार्शी रोड’ गाठावे लागे, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतले की दिवसाची वाट दोन दिवसांचीही होई.

मुख्य मार्गापासून फुटून अशा पेठांपर्यंत जाणारे फाटे काढावेत हे सर्वांनाच पटत होते, पण त्यांचा खर्च परवडत नव्हता. रुंद गेजचा, म्हणजे १६७६ मिलिमीटर अंतराच्या रुळांचा मार्ग बांधायचा तर भराव, पूल, खडी, स्लीपर म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, सारेच मोठे लागते. बार्शीसारख्या पेठेच्या मालवाहतुकीतून तो खर्च निघणे कठीण होते. ही अडचण सोडवली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. १८८२ मध्ये तो जी.आय.पी. रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून भारतात आला होता. स्वस्त फाटे कसे बांधता येतील हा विचार त्याच्या डोक्यातून गेला नाही, आणि त्यातूनच १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन हा २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. त्याचे गेज होते अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

नॅरोगेज रेल्वे स्वस्त पडते याचे श्रेय बहुतेक जण रुळांमधल्या कमी अंतराला देतात. हे अर्धेच खरे आहे. अंतर कमी असले की वळणे अधिक तीव्र घेता येतात, त्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो आणि मातीकाम वाचते. परंतु रुळाचे वजन, पुलाची ताकद, स्लीपरची संख्या आणि खडीची जाडी हे सारे ठरते एका चाकजोडीच्या आसावर किती भार येतो यावर. या भाराला आपण आसभार म्हणू. कॅलथ्रॉपची सगळी मांडणी या एका आकड्याभोवती होती आणि तो आकडा होता पाच टन. इंजिन असो, मालाची वाघीण असो वा प्रवाशांचा डबा असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार यायचा नाही, आणि तरीही प्रत्येक आसाने शक्य तितका या मर्यादेच्या जवळचा भार उचलायचा, असा त्याचा नियम होता.

आसभाराला इतके महत्त्व का, हे समजून घ्यायचे तर चाकाच्या तळाशी काय घडते ते पाहावे लागेल. पोलादी चाक पोलादी रुळाला ज्या जागी टेकते ती जागा बोटाच्या नखाएवढी असते. पाच टनांच्या आसाचा निम्मा, म्हणजे अडीच टनांचा भार तेवढ्याशा ठिकाणी येतो. त्या भाराखाली रूळ किंचित वाकतो आणि वाकता वाकता तो भार आजूबाजूच्या चारसहा स्लीपरवर वाटून देतो. स्लीपर तो खडीवर पसरतात आणि खडी मातीवर. रूळ जितका ताठ, तितका भार अधिक स्लीपरांवर पसरतो. रूळ लवचीक असेल तर चाकाखालचा एकच स्लीपर सारे सोसतो, खाली दबतो, आणि मार्ग लाटेसारखा खालीवर होऊ लागतो. येथे भूमिती कंत्राटदाराच्या विरोधात जाते, कारण रुळाचा छेद त्याच प्रमाणात लहान करत नेला तर वजन निम्मे होते तेव्हा ताठपणा निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. हलका रूळ वापरून पैसे वाचवायचे असतील तर चाकावरचा भार आधी आवरावा लागतो, नाही तर वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात. पाच टनांची मर्यादा पाळल्यामुळे यार्डाला, म्हणजे तीन फुटांना, तीस-पस्तीस पौंड, म्हणजे मीटरला पंधरा ते सतरा किलो वजनाचा रूळ पुरेसा ठरत होता. आज मुख्य मार्गांवर मीटरला ५२ किंवा ६० किलोचे रूळ असतात.

मर्यादा घालणे सोपे होते, त्या मर्यादेत बसणारे जोमदार इंजिन बनवणे अवघड होते. इंजिनाची ओढ शेवटी चाक आणि रूळ यांच्यातील घर्षणावर अवलंबून असते. ओढणाऱ्या चाकांवर जितके वजन, त्याच्या साधारण पाव हिश्श्याएवढी ओढ मिळते, त्याहून अधिक जोर लावला तर चाके जागीच गरगर फिरू लागतात. आसावर पाच टनच ठेवायचे असतील तर ओढ वाढवण्यासाठी ओढणारे आसच वाढवावे लागतात. लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी बांधलेल्या ‘ए’ वर्गाच्या इंजिनांना म्हणूनच एकमेकांना दांड्यांनी जोडलेल्या चार आसांवर आठ चाके होती आणि मागे कोळसा-पाण्याचा भार पेलायला आणखी दोन आस होते. सहा आसांचे मिळून सुमारे तीस टन होतात. त्यातले वीस टन ओढीच्या कामी येत, म्हणजे पाचेक टनांची ओढ हाताशी होती. जोडलेली चाके वाढली की वळणावर इंजिन अवघडते, म्हणून ती लहान आणि जवळजवळ ठेवावी लागतात, आणि लहान चाकांमुळे वेग मर्यादित राहतो. बार्शी लाइट सावकाश चालायची, त्याचे एक कारण या हिशेबात होते.

वाघिणींचेही तसेच. चार आसांच्या वाघिणीचे मालासकट वजन वीस टनांच्या आत हवे, तेव्हा वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी तितका माल अधिक. कॅलथ्रॉपने लाकडाऐवजी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी वापरल्या. २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद अशा एकाच मापाच्या चौकटीवर निरनिराळ्या वाघिणी आणि डबे बसवले जात. अडीच फूट अंतराच्या रुळांवर सात फूट रुंद डबा, म्हणजे गेजच्या पावणेतीनपट रुंदी. असा डबा कलंडणार नाही याची खात्री त्याचा गुरुत्वमध्य खाली ठेवूनच मिळू शकत होती. हे सारे सामान भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून पारखले गेले. छोट्या गेजवर खऱ्या रेल्वेएवढे काम होऊ शकते हे कॅलथ्रॉपला इंग्लंडमधल्या अभियंत्यांनाही दाखवायचे होते, आणि मला वाटते त्याच्या साऱ्या कामात हाच सर्वात धाडसाचा भाग होता. पुढे १९०४ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेची आखणी त्याने याच अनुभवावर केली. याच माणसाने नंतर वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. माणसाला जपायचे तर भार कुठे आणि कसा पडतो हे आधी पाहावे, अशीच त्याची दृष्टी असावी.

बार्शीचा फाटा चालला तशा त्याला शाखा फुटल्या. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून दक्षिणेकडे मोडनिंबमार्गे पंढरपूरचा मार्ग सुरू झाला, आणि आषाढी-कार्तिकीला रेल्वेने येणाऱ्या भाविकांची शेवटच्या टप्प्यातली बैलगाडी टळली. पूर्वेकडची शाखा बार्शीहून निघून येडशीजवळ बालाघाटच्या डोंगररांगेवर चढते आणि १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. येडशीपासूनचा मुलूख निजामाचा होता, त्यामुळे इंग्रजी हद्दीतल्या पेठेसाठी काढलेली ही रेल्वे हैदराबाद संस्थानातल्या मराठी गावांनाही बाजाराशी जोडू लागली. लातूरची आडत पेठ वाढण्यात या रुळांचा वाटा मोठा आहे. शेवटची शाखा पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ असा माणदेशाचा आणि सांगली भागाचा कोरडा पट्टा ओलांडून १९२७ मध्ये मिरजेला मिळाली. त्याच वर्षी कॅलथ्रॉपचे निधन झाले. लातूर ते मिरज असा २०२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला होता.

या मार्गाचे एक दुखणे मात्र पहिल्या दिवसापासून होते. कुर्डुवाडीला गेज बदलत असे. बार्शीहून आलेली कापसाची गाठ छोट्या वाघिणीतून हमालांच्या पाठीवर उतरायची, फलाटावरून चालत जायची आणि मोठ्या वाघिणीत चढायची. प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते, गुळाची प्रत्येक ढेप अशी हातोहात बदलली जाई. त्यात वेळ जाई, पोती फाटत, सरकी सांडे. मिरजेला तर मीटरगेज, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांचा मार्ग भेटत असे आणि पुढे मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाल्यावर एकाच गावात तीन गेजचे रूळ दिसू लागले. बैलगाडीशी तुलना होती तोवर ही उतार-चढ लोकांनी चालवून घेतली. शेताच्या बांधावरून माल उचलून थेट पुण्या-मुंबईच्या दारात टाकणारा ट्रक आला तेव्हा ती परवडेनाशी झाली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेकडे आला. गाड्या पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालल्या, मुख्यतः प्रवाशांसाठी.

भारतीय रेल्वेने एकच गेज ठेवण्याचे धोरण १९९२ मध्ये घेतल्यावर या मार्गाची पाळी येणारच होती. कुर्डुवाडी-पंढरपूर २००१ मध्ये रुंद झाला. लातूरकडचा मार्ग २००७ आणि २००८ मध्ये दोन टप्प्यांत बदलला. मिरजेकडचा त्यानंतर दोनतीन वर्षांत पूर्ण झाला. रुंदीकरण म्हणजे रूळ थोडे दूर सरकवणे नव्हे. पाच टनांच्या हिशेबाने बांधलेला पूल वीस टनांचा आस सोसू शकत नाही आणि छोट्या गेजचे तीव्र वळण मोठ्या गाडीला घेता येत नाही, म्हणून भराव नवे घालावे लागले, पूल नवे बांधावे लागले आणि कित्येक ठिकाणी आखणीच बदलली. जुना मार्ग उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, बाजूला टाकून जात असे. नवा मार्ग त्या गावावरून नेला, आणि बार्शीच्या नशिबी जे पूर्वी आले होते त्यातून शंभर वर्षांनी धाराशिवची सुटका झाली.

या बदलाचा अर्थ २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्याला दिसला. लातूर शहर कोरडे पडले होते. ११ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पाणीगाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी अशी सुमारे ३४२ किलोमीटरची वाट तोडून १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला लागली. बार्शी लाइटचा मार्ग तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार केला होता. एकेका टाकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते, म्हणजे ५० टन, आणि रिकाम्या वाघिणीचे पंचवीसेक टन वेगळे. चार आसांवर ते वाटले तर प्रत्येकावर एकोणीस टनांच्या आसपास भार येतो. कॅलथ्रॉपच्या रुळांवर त्याच चार आसांच्या वाघिणीत फार तर पंधरा टन पाणी नेता आले असते, आणि मिरजेला कृष्णेचे पाणी तिच्यात भरून लातूरला रिकामे करेपर्यंत गाडी कितीतरी अधिक वेळ रस्त्यावर राहिली असती. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या याच मार्गाने येऊ लागल्या आणि उन्हाळाभर येत राहिल्या.