मर्ढेकरांचा चरित्रपर परिचय आणि मर्ढेकरांची काव्यप्रवेशिका

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या एखाद्या दुकानात मराठी नवकवितेचे प्रवर्तक बा. सी. मर्ढेकर यांच्याविषयी ‘मर्ढेकरांवर काहीतरी छोटेसे द्या’ असे म्हटले की समोर जी बारीक पुस्तके येतात, ती वरवर पाहता एकाच जातीची वाटतात. प्रत्यक्षात त्यांत दोन निराळे प्रकार मिसळलेले असतात. एक चरित्रपर परिचय, म्हणजे कवीचे आयुष्य सांगणारा, आणि दुसरा काव्यप्रवेशिका, म्हणजे कवितेच्या ओळी उलगडून ती वाचायला शिकवणारा. ‘जीवन आणि कार्य’ ही जोडी दोन्हींच्या मुखपृष्ठावर असू शकते, म्हणून निवड करताना नावापेक्षा अनुक्रमणिका पाहावी.

चरित्रपर परिचयाचा क्रम ठरलेला असतो. 1909 साली खानदेशातील फैजपूर येथे जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, आय.सी.एस. या ब्रिटिशकालीन सनदी सेवेसाठी विलायतेला प्रयाण आणि त्यात अपयश, परतल्यावर अध्यापन, पुढे आकाशवाणीतील नोकरी, ‘काही कविता’ या संग्रहावरील अश्लीलतेचा खटला आणि त्यातून निर्दोष सुटका, 1956 साली दिल्लीत मृत्यू. हे सारे उपयोगाचे आहे. ‘शिशिरागम’ (1939) मधला हळवा कवी आणि ‘काही कविता’ (1947) मधला कवी एकच कसा, असा प्रश्न ज्याला पडतो, त्याला मधल्या आठ वर्षांतले महायुद्ध आणि मुंबईचे यंत्रमय जीवन माहीत असलेच पाहिजे.

मात्र ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही कविता समोर आली की या प्रकाराची मर्यादा उघडी पडते. चरित्रकार सांगतो, की युद्धकाळातल्या संहाराचे आणि महानगरातल्या माणसाच्या क्षुद्र मरणाचे हे चित्र आहे. ते चूक नाही, पण एवढे कळल्यावरही वाचक पहिल्याच ओळीत अडखळतो. प्रवेशिका तिथून सुरुवात करते. ‘ओल्या’ हे विशेषण रूपाने पिपाचे आहे, तरी ते पिपापासून तोडून उंदरांच्या शेजारी ठेवले आहे. त्यामुळे ओल कानाला उंदरांना चिकटल्यासारखी वाटते आणि व्याकरण मात्र तिला पिपाकडे ओढत राहते. पुढे ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ असे येते आणि दोनच ओळींनंतर ‘माना पडल्या, आसक्तीविण’. मधल्या ओळीत ओठांवर ओठ मिळालेले असतात. म्हणजे मरण आणि प्रणय एकाच चौकटीत बसवले आहेत आणि दोन्हींतून इच्छा वजा केली आहे. लय मात्र बालगीताला शोभावी इतकी सोपी आहे. आशय आणि लय यांच्यातला हा विरोध जिथे ओळ हाताशी धरून दाखवला जातो, ती खरी प्रवेशिका. ‘दुर्बोध पण प्रभावी’ असा शेरा मारून जी पुढे सरकते, तिला प्रवेशिका म्हणण्यात अर्थ नाही.

यात मौज अशी, की चरित्रातून कवितेचे मोल ठरवण्याला खुद्द मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात फारशी जागा नाही. कलाकृतीचे सौंदर्य त्यांनी तिच्या घटकांच्या लयबद्ध रचनेत शोधले आणि संवाद, विरोध व समतोल ही त्या लयीची तत्त्वे मानली. ‘वाङ्मयीन महात्मता’ या आपल्या पुस्तकामध्ये त्यांनी लेखकाच्या आत्मनिष्ठेचा, म्हणजे स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक राहण्याचा, आग्रह धरला, हे खरे, परंतु आत्मनिष्ठा म्हणजे आत्मचरित्र नव्हे, आणि चरित्रपर परिचय नेमकी इथेच गफलत करतात. ज्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा 1956 सालचा पुरस्कार मिळाला, त्याचा उल्लेख चरित्रात बहुधा पुरस्कारापुरताच येतो. काव्यप्रवेशिका त्याच ग्रंथातील विरोधाचे तत्त्व उचलून उंदरांच्या कवितेला लावून पाहू शकते.

कादंबऱ्यांबाबत दोन्ही प्रकार सारखेच कंजूष असतात. ‘रात्रीचा दिवस’ (1942) संज्ञाप्रवाही, म्हणजे पात्राच्या मनातल्या विचारांच्या ओघाने पुढे जाणारी, आहे, एवढे सांगून बहुतेक ठिकाणी विषय संपतो.

परीक्षेच्या टिपणासाठी सनावळी हवी असेल, तर चरित्र पुरते. ज्याला कविता वाचायची आहे, त्याने आधी ‘काही कविता’तली पाच-सहा पाने स्वतः वाचून, अडलेल्या ओळींवर खूण करून मग प्रवेशिका उघडावी. आपण खूण केलेली एकही ओळ तिच्यात उद्धृत नसेल, तर मुखपृष्ठावर काहीही छापलेले असले तरी हाती चरित्रच आले आहे असे समजावे.