‘जॉक’ म्हणजे जॉकी नव्हे

अमेरिकी कॉलेजातल्या दांडग्या खेळाडू पोराला ‘जॉक’ म्हणतात. हा घोड्यावरच्या ‘जॉकी’चा शॉर्टफॉर्म, असं बरेच जण ठोकून देतात. तसं नाही. शब्द आला ‘जॉकस्ट्रॅप’वरून. कमरेला रुंद इलॅस्टिक, पुढे पिशवी, मागे दोन पट्ट्या; खेळाडूंचा लंगोटच म्हणा ना. १८७४ मध्ये बोस्टनच्या दगडी रस्त्यांवर सायकली हाणणाऱ्यांसाठी तो बनला. मग हा ‘जॉक’ सायकलवरच्या जॉकीचा? तेही नाही. पुरुषाच्या ‘त्या’ अवयवाला इंग्रजी बोलीत ‘जॉक’ म्हणणं सायकलीहून कितीतरी जुनं. १६व्या शतकातल्या चोरभाषेतही ‘जॉकम’ सापडतो. पट्ट्याचं नाव पट्टा बांधणाऱ्याला चिकटलं ते २०व्या शतकात. घोड्यावरचा जॉकी मात्र सोवळा: ‘जॅक’चं स्कॉटिश रूप जॉक, त्याचं लाडकं नाव जॉकी.