रॉम: पुसता न येण्याचे फायदे-तोटे

अपोलो यानातल्या संगणकाचा प्रोग्रॅम लिहून झाल्यावर तो विणावा लागे. अमेरिकेत वॉल्थॅम इथल्या रेथिऑनच्या कारखान्यात स्त्रिया बारीक तार चुंबकीय कड्यांमधून ओवत. तार कड्यातून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. एका संगणकात १६ बिटांचे ३६,८६४ शब्द मावत, म्हणजे जेमतेम ७२ किलोबाइट. चूक सापडली तर पुन्हा ओवणं आलं. त्यात आठवडे जात, म्हणून उड्डाणाच्या बऱ्याच आधी प्रोग्रॅमला हात लावणं बंद व्हायचं. त्या बदल्यात वीज गेली तरी मजकूर जागच्या जागी. रॉमचा, म्हणजे फक्त वाचण्यासाठीच्या, वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीचा, पुढचा सगळा इतिहास मला हा फायदा राखून तो जाच टाळण्याची धडपड वाटतो.

सिलिकॉन चिप आल्यावर मजकूर कारखान्यातच चिपमध्ये कोरला जाऊ लागला. याला मास्क रॉम म्हणतात. लाखो नग काढायचे तर स्वस्त, चारच हवे असतील तर परवडणार नाही. प्रॉममध्ये आतले फ्यूज जाळून ग्राहकाला स्वतः लिहिता येई, पण एकदाच.

१९७१ मध्ये चित्र बदललं. इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन बिघडलेल्या चिपचा छडा लावत होते. काही ट्रान्झिस्टरांचं गेट, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग, जोडणी तुटून अधांतरी राहिलं होतं. या दोषाचाच उपयोग करायचं त्यांना सुचलं: गेट मुद्दाम सिलिकॉन डायऑक्साइडच्या आवरणात बंद करायचं आणि जास्त व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन घुसवायचे. बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं आतच राहतात. ते आहेत की नाहीत, यावरून ० की १ ते ठरतं. पुसायला अतिनील प्रकाश लागतो. त्याने इलेक्ट्रॉनांना आवरण ओलांडण्याइतकी ऊर्जा मिळते. म्हणून या ईप्रॉमच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असे. इतकी देखणी चिप पुन्हा झाली नाही, असं माझं मत! त्या खिडकीवर मात्र स्टिकर चिकटवलेला असायचा, कारण नुसत्या उन्हानेही मजकूर उडू शकतो.

पुढे विजेनेच पुसली जाणारी ईईप्रॉम आली. मग तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली. एकेक बाइट न पुसता गठ्ठाच्या गठ्ठा पुसायचा, त्यामुळे सर्किट लहान आणि किंमत कमी. पेनड्राइव्ह, एसएसडी, मोबाइलचं स्टोरेज ही सगळी कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचीच करामत. संगणक चालू असताना कामापुरतं लक्षात ठेवणारी नेहमीची रॅमसुद्धा विद्युतभारच साठवते. फक्त तिच्यातून तो गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो.

लिहिणं सोपं झालं, तसं ते भलत्यांनाही सोपं झालं. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने कित्येक संगणकांच्या फ्लॅश चिपमधला बायोस खरडून टाकला. ते संगणक सुरूच होईनात, कारण सुरू कसं व्हायचं हेच त्या चिपमध्ये लिहिलेलं होतं.

म्हणून मोबाइलच्या प्रोसेसरमध्ये आजही थोडी जुन्या पद्धतीची, कारखान्यात कोरलेली रॉम ठेवतात. फोन सुरू होताना पहिल्या सूचना तिथून येतात आणि पुढचं सॉफ्टवेअर अस्सल आहे का, हे त्याच सूचना तपासतात. २०१९ मध्ये आयफोनच्या नेमक्या याच भागातला एक दोष उघड झाला. आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंतच्या फोनांत तो होता आणि अपडेट पाठवून तो बुजवण्याची सोयच नव्हती. नंतरच्या चिपमध्ये तो नाही. त्या जुन्या फोनांत मात्र ते फोन चालतील तोवर राहणार.