लॅव्हेंडर तेलाच्या औषधी मान्यतेची पार्श्वभूमी

पहिल्या शतकातील ग्रीक वैद्यकग्रंथात छातीच्या विकारांवर सांगितलेली आणि युनानी वैद्यकातून ‘उस्तुखुद्दूस’ या नावाने भारतात पोहोचलेली वनस्पती ही लॅव्हेंडरची वेगळी जाती होती. चिंता व निद्रानाश यांसंदर्भात आज चर्चा होते ती अरुंद पानांच्या जातीची. तिच्या तेलात लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट हे मुख्य घटक असतात.

जर्मनीतील शासकीय तज्ज्ञ समितीने 1980च्या दशकात या जातीच्या फुलांना अस्वस्थता, झोप न लागणे आणि ताणामुळे होणाऱ्या पोटाच्या तक्रारींसाठी मान्यता दिली. पुढे तेथेच 80 मिलिग्रॅम तेलाची कॅप्सूल विकसित झाली. 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 77 रुग्णांवरील सहा आठवड्यांच्या चाचणीत तिचा परिणाम लोराझेपाम या चिंतेवरील औषधाच्या तोडीचा आढळला, तोही त्या औषधाची गुंगी किंवा सवय लागण्याचा धोका नसताना.

असे असूनही 2012मध्ये युरोपीय औषध नियामकाने लॅव्हेंडर तेलाला ‘पारंपरिक वापर’ याच वर्गात ठेवले. या वर्गासाठी परिणामकारकता चाचण्यांनी सिद्ध करावी लागत नाही. किमान 30 वर्षांचा वापर, त्यातील 15 वर्षे युरोपीय संघात, आणि सुरक्षिततेविषयी पुरेशी माहिती असली की नोंदणी मिळते. कॅप्सूलच्या समर्थकांना हा निर्णय अन्यायकारक वाटला, आणि परिश्रमपूर्वक तपासलेले औषध घरगुती थेंबांच्या पंक्तीत बसवले गेले, या त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्या चाचणीत लोराझेपामची मात्रा दिवसाला अवघी अर्धा मिलिग्रॅम होती, औषधविरहित गोळी घेणारा गट नव्हता आणि कॅप्सूलवरील बहुतेक संशोधनाला उत्पादकाचेच अर्थसाहाय्य होते, हे पाहता नियामकाची सावधगिरी रास्तच म्हणावी लागते. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या 539 रुग्णांच्या चाचणीत औषधविरहित गटाच्या तुलनेत कॅप्सूल सरस ठरली, त्यामुळे तिची बाजू भक्कम झाली. अर्थसाहाय्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

वास घेण्याचा मुद्दा यापासून वेगळा ठेवायला हवा. गिळलेले तेल मज्जापेशींमधील कॅल्शियमच्या प्रवेशमार्गांवर परिणाम करते, असे मानले जाते. उलट जपानमधील संशोधकांना 2018मध्ये असे आढळले की लिनॅलूलच्या वासाने उंदरांची भीती कमी होते, पण घ्राणशक्ती नष्ट केलेल्या उंदरांवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून कॅप्सूलच्या चाचण्यांचे निष्कर्ष उशीवर शिंपडलेल्या थेंबांना लावता येत नाहीत.