दोन्हीकडून दुर्बीण नॉर्मल, मग रक्त जातंय कुठं?

सोलापुरात पोट दुखलं की पहिला आरोप शेंगाचटणीवर, दुसरा पित्तावर. बऱ्याचदा ते खरंही असतं म्हणा. पण पन्नाशीतल्या माणसाचं हिमोग्लोबिन सारखं उतरतंय, रक्तवाढीच्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं चढतं की परत खाली, जेवल्यावर कळ येते, वजन घटतंय आणि तोंडातून घातलेली दुर्बीण नॉर्मल, खालून घातलेली पण नॉर्मल, तर फाइल बंद करायची नसते, कारण मधलं पाच-सहा मीटर लहान आतडं कुणी बघितलेलंच नसतं. वरची दुर्बीण ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते, खालची फार तर शेवटच्या टोकात डोकावते.

लहान आतड्याचा कॅन्सर दुर्मिळच, पचनसंस्थेतल्या सगळ्या कॅन्सरच्या पाच टक्क्यांहूनही कमी. म्हणूनच तो लवकर कुणाच्या डोक्यात येत नाही.

मधला भाग बघायला सीटी एन्टरोग्राफी असते, म्हणजे लहान आतड्यासाठी खास काढलेला सीटी स्कॅन. कॅप्सूल एंडोस्कोपी पण आहे, 2001 पासून वापरात, साधारण 26 मिलिमीटरची कॅमेऱ्याची गोळी गिळायची, ती आतून फोटो काढत जाते आणि शौचावाटे पडते. भारी वाटतं, पण आतडं कुठं अरुंद झालं असेल तर गोळी तिथंच अडकू शकते, आणि तिला तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढता येत नाही. त्यासाठी बलून एन्टरोस्कोपी, म्हणजे फुग्याच्या मदतीनं लहान आतड्यात खोलवर जाणारी दुर्बीण लागते.

आणि तुकडा हवाच. आपल्याकडं आतड्याचा टीबी काही कमी नाही, लहान आतड्याच्या शेवटी तो सीटीत कधी कधी हुबेहूब गाठीसारखा दिसतो. नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालवल्या आणि निघाला कॅन्सर, तर तेवढा वेळ गेलाच की.

गाठ कसली हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर असेल तर ऑपरेशन, सोबत आसपासच्या लसिकाग्रंथीही काढायच्या, गरजेप्रमाणे नंतर केमो. न्यूरोएंडोक्राइन गाठ, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, बहुतेकदा सावकाश वाढते, पसरली तरी ऑक्ट्रिओटाइड नावाच्या इंजेक्शनवर काहीजण वर्षानुवर्षं चांगले राहतात. आतड्याच्या भिंतीतल्या जिस्ट नावाच्या गाठीला बऱ्याच जणांत इमॅटिनिबची गोळी चालते. लिम्फोमाचा, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरचा मुख्य इलाज केमोच.

घरात कुणाला कमी वयात मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, लिंच सिंड्रोम, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष असू शकतो. आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला जा नाहीतर पुण्या-मुंबईला, बायोप्सीच्या रिपोर्टबरोबर लॅबमधनं तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक पण मागून घ्या, परत तपासायला तोच लागतो.