ज्याचे पॉइंट जास्त, तोच मोलाचा?

"एकाच टीममधल्या दोघांत ज्याचे पॉइंट जास्त, तो जास्त मोलाचा." बास्केटबॉलमधला हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. स्कोअरशीटवर आधी पॉइंटच नजरेत भरतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

आधी शॉट मोजा. समजा, एकाने 22 शॉट घेऊन 20 पॉइंट केले, दुसऱ्याने 9 शॉटमध्ये 14. सगळे दोन पॉइंटचेच शॉट धरले, तर पहिल्याचे 12 चुकले, दुसऱ्याचे फक्त 2. आणि चुकलेला बॉल बहुतेक वेळा समोरच्यांना मिळतो. (अवघड शॉट कुणाच्या वाट्याला येत होते, तेही बघायला हवं.)

शिवाय बरंच काम कागदावर येतच नाही. शॉट सुटताच एक जण प्रतिस्पर्ध्याला पाठीने रोखून धरतो. बॉल सहकाऱ्याच्या हातात पडतो आणि रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) त्या सहकाऱ्याच्याच नावावर लागतो. मला हे काम फार मोठं वाटतं.

पडताळायचंय? खेळाडू कोर्टवर आला तेव्हाचा आणि बाहेर गेला तेव्हाचा स्कोअर लिहा. त्या वेळात आघाडी किती वाढली किंवा घटली, तो त्याचा प्लस-मायनस. सोबतचे चौघे बदलले की हा आकडाही बदलतो, म्हणून एका मॅचवर जाऊ नका. पंधरा-वीस मॅचची नोंद ठेवा आणि दोघांपैकी एकच कोर्टवर असतानाची मिनिटं वेगळी काढा.